वर्गणी आणि कुलूप

गेल्या पावसाळ्यात नेरे येथील आमच्या घरी एक कोरियन ऐतिहासिक मालिका एकोणिसाव्या भागापाशी थांबली. मालिका चोवीस भागांची. वर्षाची वर्गणी आम्ही आगाऊ भरलेली होती आणि त्यातले पाच महिने अजून शिल्लक होते. आदल्या रात्रीपर्यंत दिसणारे चित्र दुसऱ्या दिवशी दिसेना, तेव्हा आईने आधी पावसाला दोष दिला. माथेरानच्या डोंगरावरून ढग गाढी नदीच्या खोऱ्यात उतरले की आमच्याकडे मोबाइलच्या रेघा एकेक करून मावळतात, हा तिचा नेहमीचा अनुभव. पण त्या दिवशी रेघा शाबूत होत्या. चौकशीअंती कळले ते असे, की आम्ही जिची वर्गणी भरली होती त्या कंपनीकडील मालिकेचे हक्क संपले असून यापुढे ती ‘केवळ’ दुसऱ्या एका कंपनीकडेच दिसेल. दुसऱ्या कंपनीची वर्गणी अर्थातच निराळी. तीही भरण्याची आम्ही तयारी केली. पण त्या सेवेवर ही मालिका आपल्या देशातील प्रेक्षकांना उपलब्ध नाही, असे उत्तर पडद्यावर आले. पहिल्या कंपनीला लिहिलेल्या पत्राला अत्यंत विनम्र असे पोकळ उत्तर मिळाले. आईने विचारले, “मग आपण पैसे कशाचे भरले होते?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. तक्रार क्षुल्लक आहे, हे आम्ही जाणतो. एका घरातल्या एका वृद्ध बाईला परक्या देशातील एका राणीचे पुढे काय झाले हे कळले नाही, यात जगाचे काही बिघडत नाही. मात्र आईच्या प्रश्नातला ‘भरले’ हा शब्द आमच्या मनात राहिला. वर्गणी भरणे हा मराठी माणसाचा जुना उद्योग आहे. मराठी वाङ्मयाचा गेल्या दोनशे वर्षांचा व्यवहार बऱ्याच अंशी वर्गणीवर उभा राहिला. तो शब्द तोच राहून त्याच्या पोटातला अर्थ कसा फिरला, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

नेऱ्यासारख्या गावात वर्गणी म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. गणपतीची वर्गणी, हरिनाम सप्ताहाची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी. घरटी रक्कम ठरते, पावतीपुस्तक फिरते, न देणाऱ्याविषयी चार शब्द बोलले जातात. परंतु गणपती बसला की तो सर्वांना दिसतो. सप्ताहाच्या पंगतीत पावती पाहून पान वाढीत नाहीत. ज्याने वर्गणी बुडवली त्याचे पोरही आरतीला पुढे उभे राहते आणि प्रसादाला दोनदा हात करते. म्हणजे वर्गणी काहींनी द्यावयाची असते आणि तिच्यातून उभे राहते ते मात्र देणाऱ्यांच्या यादीबाहेर सांडते. हे सांडणे हाच त्या शब्दाचा गाभा आहे, असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द छापील वाङ्मयाच्या कामी आला. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याचे १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. या संस्था वर्गणीदारांवर चालल्या. वर्गणीदाराने पैसे भरले, ग्रंथ विकत घेतला गेला, वर्गणीदाराने तो वाचून परत केला, आणि ग्रंथ कपाटात राहिला. वर्गणीदार पुढे वारला, गाव सोडून गेला किंवा वर्गणी भरायची विसरला, तरी त्याच्या पैशाने आलेले पुस्तक कपाटातून निघून गेले नाही. आज यात काही विशेष आहे असे कोणाला वाटणार नाही. आम्हांलाही मालिका नाहीशी होईपर्यंत वाटत नव्हते.

नियतकालिकांची वर्गणी याच जातीची. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. यमूची कहाणी लोकांनी तुकड्यातुकड्यांनी, आठवड्याआठवड्याने वाचली. आजची मालिका ज्या भुकेवर जगते तीच ही भूक. पण अंक हातात पडला की तो वर्गणीदाराचा झाला. तो शेजारी जाई, माहेरी जाई, वर्षाअखेर बांधला जाई. एखादा अंक चुकला तर मागून आणता येई. संपादकाला कितीही वाटले असते तरी शनिवारी पोचलेले प्रकरण सोमवारी वाचकाच्या घरातून परत नेण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. ही कादंबरी आज आपल्या अभ्यासक्रमांत असते, तिच्यावर प्रबंध होतात, याला आपट्यांची प्रतिभा कारण आहे तसेच हे कागदाचे जडत्वही कारण आहे.

येथे भाबडेपणा नको. ‘सार्वजनिक’ हे विशेषण त्या काळच्या संस्थांना जितक्या सहज लागले तितक्या त्या सर्वजनांच्या नव्हत्या. कोणाला पायरी चढता येई आणि कोणाला नाही, हे वर्गणीच्या आधी जात ठरवी. स्त्रियांच्या हाती पुस्तक पडायचे ते घरातील पुरुषाने आणले तर. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत व्हावा लागला, आणि संमत होऊनही १९२७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, महाडला, तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्या लढ्याशी मालिकेच्या वर्गणीची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. सांगायचे एवढेच की जुनी वर्गणी उदार होती म्हणून वस्तू सर्वांची झाली असे नव्हे. वस्तू एका जागी टिकून होती, म्हणून तिच्यावर हक्क सांगायला पुढे येता आले. जे कपाट गावात आहे त्याच्या दाराशी भांडता येते.

आता परक्या कथांकडे वळू, कारण आमचा विषय परकी मालिका हा आहे. मराठी वाचकाला आशियाच्या कथांचे वेड काही आज लागलेले नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि पुढे विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ घरोघर गेल्या. त्या मूळ अरबीतून नव्हे, इंग्रजीच्या वाटेने आल्या. आज सोलची कथा पनवेलला इंग्रजी सबटायटलच्या वाटेने येते, तसेच ते.

त्याहून अर्थपूर्ण उदाहरण बंगालीचे. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ हे नाव धारण केले आणि १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले. पुढे मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्या ग्रंथालयांच्या कपाटांत इतक्या हाताळल्या गेल्या की शरद्बाबू हे मराठीच लेखक आहेत असे समजणारी एक पिढी तयार झाली. आमची आजी त्या पिढीतली. पनवेलहून कोणी पुस्तक आणले की ते घरातल्या चार बायका वाचीत आणि मगच ते परत जाई. एका वर्गणीत चार वाचक, शिवाय ऐकणारे वेगळे. त्या वाचनाने मराठी कथेत जो हळवेपणा आला त्याबद्दल समीक्षक काय म्हणायचे ते म्हणोत. आमच्या मते तो सगळाच काही हितकर नव्हता. परंतु हे मत आम्हांला मांडता येते, दुसऱ्याला ते खोडता येते, कारण ती पुस्तके आजही काढून समोर ठेवता येतात.

एकाधिकार त्या काळी नव्हता असे मात्र नाही. संगीत रंगभूमीवर तो भरपूर होता. कोणते नाटक कोणत्या मंडळीने करायचे हे ठरलेले असे, नाटककार मंडळीशी बांधलेला असे, आणि मंडळ्यांची आपसांतली चुरस सर्वश्रुत होती. म्हणूनच ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी यांनी मिळून केलेला ‘संयुक्त मानापमान’ ही इतकी मोठी घटना ठरली. केशवराव भोसले आणि बालगंधर्व एका रंगमंचावर! दोन कुंपणे एका रात्रीपुरती काढली गेली, याचेच लोकांना अप्रूप. पण कुंपण होते ते प्रयोगाभोवती. नाटकाचे पुस्तक दुकानात मिळे, पदे गावोगाव गायिली जात, आणि तिकिटाला पैसे नसलेला माणूस निदान नाटक वाचू शके. कंपनीचा पडदा पडला म्हणून खाडिलकरांची संहिता अदृश्य झाली नाही.

दूरचित्रवाणी आली तेव्हा वर्गणीचा प्रश्नच मिटल्यासारखा झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पनवेलच्या परिसरात घराघरांवर ॲन्टेना उभे राहायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. आमच्या आळीत एकच संच होता आणि त्याच्या खोलीबाहेर रविवारी चपलांचा ढीग पडे. ‘रामायण’ (१९८७-८८) पाहायला कोणी कोणाकडे पावती मागितली नाही. पुढे गल्लीत कॅसेटचे दुकान निघाले, त्याला लोकांनी ‘व्हिडिओ लायब्ररी’ म्हटले. तिथे वाङ्मयीन काही नव्हते, पण शब्द अचूक होता: वस्तू न्यायची, पाहायची, परत करायची, मग ती दुसऱ्याने न्यायची.

आशियाई मालिकांचा प्रवासही त्या काळात बराच मोकळा होता. जपानच्या एनएचकेची ‘ओशिन’ १९८३-८४ मध्ये पंधरा पंधरा मिनिटांच्या २९७ भागांत दाखवली गेली आणि पुढे साठाहून अधिक देशांत पोचली. अनेक विकसनशील देशांना ती जपान फाउंडेशनने विनामूल्य दिली. त्यात जपानचे राजनैतिक हित होते हे उघड आहे. तरीही गरिबीत मोलकरणीचे काम करणाऱ्या एका मुलीची गोष्ट इराणपासून थायलंडपर्यंतच्या घरांत बसून लोकांनी पाहिली. भारतात २००६ मध्ये दूरदर्शनने ‘एम्परर ऑफ द सी’ आणि ‘अ ज्वेल इन द पॅलेस’ या कोरियन मालिका हिंदीत दाखवल्या. दुसरी मालिका कोरियात २००३-०४ साली गाजलेली, राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्यापर्यंत पोचणाऱ्या जांगगुमची. आईला कोरिया प्रथम भेटला तो तेथे. त्या मालिकेतले पदार्थ, शिक्षेचे प्रसंग, वैद्यकी हे सारे तिला अजून आठवते. तिकडे मणिपुरात २००० साली हिंदी चित्रपटांवर बंडखोर संघटनेने बंदी घातल्यानंतर केबलवरील कोरियन वाहिनीने ती पोकळी भरून काढली, हे आता सर्वांना माहीत आहे.

उर्दू मालिकांची गोष्ट अधिक उदास करणारी आहे. जून २०१४ मध्ये ‘जिंदगी’ ही वाहिनी सुरू झाली आणि ‘जिंदगी गुलजार है’, ‘हमसफर’ यांसारख्या पाकिस्तानी मालिका आमच्या घरांत आल्या. पहिली उमेरा अहमद यांच्या कादंबरीवर, दुसरी फरहत इश्तियाक यांच्या कादंबरीवर. वीस-पंचवीस भागांत संपणारी, मध्यमवर्गीय घरातली, संवादांवर विश्वास ठेवणारी कथा पुष्कळ दिवसांनी पाहायला मिळाली, असे आम्ही तेव्हा म्हटले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर वाहिनीने त्या मालिका थांबवल्या, पुढे वाहिनी दूरचित्रवाणीवरून गेली, मालिका कंपनीच्या ऑनलाइन सेवेवर राहिल्या, आणि मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तानी मूळ असलेली सामग्री ऑनलाइन सेवांवरून काढून टाकण्याची सूचना दिली. शासनाच्या निर्णयाचे औचित्य हा येथील विषय नव्हे. पण असा निर्णय एका दिवसात पूर्णपणे अमलात येऊ शकतो, हे नव्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. घरोघर कॅसेट असत्या तर तो असा अमलात आला नसता. आज मागे काही उरत नाही; त्या मालिकांवर मराठीत लेख लिहिणाऱ्याला स्वतःच्या आठवणीचाच आधार.

आता कायद्यातील एक मौज. केबलच्या काळात आपल्या देशाने एकाधिकाराचा प्रश्न ओळखला होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ मध्ये जे आंतरजोडणी विनियम केले त्यांत वाहिनीने एखाद्याच वितरकाशी अनन्य करार करून दुसऱ्याला वाहिनी नाकारू नये, मागेल त्याला समान अटींवर द्यावी, असे तत्त्व घातले. म्हणून तुमच्या घरी कोणाची केबल आहे यावरून तुम्हांला अमुक वाहिनी दिसणार की नाही हे ठरेनासे झाले. पुढे २००७ मध्ये संसदेने कायदा केला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण ज्याने विकत घेतले असेल त्याने ते प्रसार भारतीलाही द्यावे. क्रिकेटचा सामना ही सर्वांनी मिळून पाहण्याची गोष्ट आहे, हे संसदेला पटले. ऑनलाइन सेवांना मात्र ‘मागेल त्याला द्यावे’ हे तत्त्व लागू झाले नाही. तेथे अनन्यता हाच धंद्याचा पाया आहे. ‘फक्त आमच्याकडे’ हीच जाहिरात आहे. केबलवाल्याने जे केले असते तर नियमभंग ठरला असता, ते येथे कौशल्य ठरते.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे आणि ते ऐकले पाहिजे. अनन्यतेच्या आशेनेच मोठे पैसे ओतले जातात. कोरियन सामग्रीवर चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर खर्च करू, असे नेटफ्लिक्सने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केले. ‘स्क्विड गेम’ (२०२१) अशा पैशाशिवाय त्या रूपात आली नसती. भारतात तर दरही उतरले. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच कंपनीने मोबाइलपुरती योजना महिना १४९ रुपयांवर आणली. ही रक्कम शहरी मध्यमवर्गाला जड नाही. पण एकीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी, आणि तिन्ही भरूनही चोवीसावा भाग चौथीकडे, अशी ही बेरीज आहे. शिवाय दर हा आमच्या मते दुय्यम मुद्दा. ग्रंथालयाची वर्गणीही कोणाला जड जाते. फरक एवढाच की तिथे पैसे भरल्यावर कपाटात एक पुस्तक वाढते.

प्रेक्षकांनी आपली वर्गणी केवळ पैशाने भरली असेही नाही. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ‘विकी’ या सेवेवर जगभरच्या हौशी लोकांनी विनामोबदला सबटायटल रचली. कोणी संवादांचे तुकडे पाडले, कोणी इंग्रजी केले, कोणी त्यावरून आपापल्या भाषेत नेले. ही अगदी आपल्या ओळखीची गोष्ट, श्रमाची वर्गणी. २०१३ मध्ये जपानच्या राकुतेन कंपनीने ही सेवा विकत घेतली. अमेरिकेत ‘ड्रामाफीव्हर’ नावाची सेवा २००९ पासून आशियाई मालिका दाखवीत होती. ती हातोहात विकली जाऊन वॉर्नर ब्रदर्सकडे गेली आणि १६ ऑक्टोबर २०१८ रोजी एकाएकी बंद झाली. न्यू जर्सीत राहणारी आमची भाची तिची वर्गणीदार होती. तिने त्या रात्री फोनवर म्हटलेले आठवते, “मामा, आमची अख्खी लायब्ररी गेली.” आम्ही तेव्हा हसलो होतो.

आणि मराठीचे काय? ‘स्क्विड गेम’ हिंदी, तमिळ, तेलुगूत बोलली, मराठीत नाही. मराठी माणसाला हिंदी समजते हे त्याचे दुर्दैव, असे कधी कधी वाटते. वास्तविक कोरियन संवादाला मराठीइतकी सोयीची भाषा थोडी असेल. त्या भाषेत मोठ्या भावाला, मोठ्या बहिणीला, वडीलधाऱ्या सहकाऱ्याला वेगवेगळी संबोधने आहेत. क्रियापदाच्या टोकावरून बोलणारा ऐकणाऱ्याला किती मान देतो ते कळते. आणि दोन माणसे आदरार्थी बोलणे सोडून सलगीच्या बोलण्यावर येतात तो क्षण पुष्कळ मालिकांत कथेचे वळण असतो. इंग्रजी सबटायटलमध्ये या सर्वांचे एकच ‘यू’ होते, आणि ‘ओप्पा’च्या जागी नायकाचे नाव येते. ‘अहो’चे ‘अरे’ कधी झाले यावर आपल्याकडे अख्खी कादंबरी उभी राहू शकते. आई कोरियन जाणत नाही, पण एका भागात तिने मध्येच सांगितले, “आता ती त्याला एकेरीत बोलली.” सबटायटलवर काहीच बदलले नव्हते. तिने स्वर ऐकला होता.

ते मराठीत कोणी करावे? हौशी माणूस तयार असला तरी त्याला कायद्याने ते करता येत नाही. छापील ग्रंथाबाबत आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलम ३२ आहे: साहित्यकृती किंवा नाट्यकृती प्रसिद्ध झाल्यानंतर सात वर्षांनी भाषांतराच्या परवान्यासाठी कोणालाही अर्ज करता येतो. भाषांतरावाचून वाङ्मय कोंडले जाऊ नये ही त्यामागची दृष्टी. चित्रपट आणि मालिका निराळ्या वर्गात मोडतात. तेथे हक्कधारक कंपनीला मराठी परवडते की नाही, एवढाच निकष उरतो. त्याचप्रमाणे १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने नव्या ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. ऑनलाइन मालिकेची प्रत कोणत्याही ग्रंथालयात जमा करण्याचे बंधन नाही. प्रत नावाची वस्तूच तेथे शिल्लक नाही.

याचा फटका आम्हां शिकवणाऱ्यांना बसतो. मागील वर्षी ‘पण लक्षात कोण घेतो?’ शिकवताना, एकत्र कुटुंबातील सुनेच्या तोंडून सांगितलेली कथा आजच्या कोणत्या कथनाशी ताडून पाहता येईल, असा प्रश्न आम्ही वर्गात टाकला. बहुतेक मुलींनी कोरियन मालिकांची नावे घेतली. चर्चा रंगली असती. पण प्रत्येकीने पाहिलेली मालिका निराळी, कारण प्रत्येकीच्या घरी असलेली, किंवा मोबाइलच्या रिचार्जबरोबर फुकट आलेली सेवा निराळी. दोघींना समान अशी एकही मालिका निघेना. शेवटी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी संकोचून म्हणाली, “सर, टेलिग्रामवर आहे ती सगळ्यांना मिळेल.” त्या चोरीच्या प्रतीला आम्ही नकार दिला. नकार देताना आमचा आवाज पुरेसा ठाम नव्हता, हे मुलींच्या लक्षात आले असावे. अध्यापनासाठी वर्गात चित्रपट दाखवायला स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ मुभा देते. पण वर्गणी भरताना आपण ज्या अटींना मान्यता देतो त्यांत बहुधा ‘केवळ वैयक्तिक व घरगुती वापरासाठी’ असे लिहिलेले असते. म्हणजे कायदा दार उघडतो आणि करार ते लावून घेतो. वर्गाने एकत्र पाहिलेली संहिता नाही, म्हणून वाद नाही. वाद नाही, म्हणून समीक्षा नाही. आज मराठी घरांत कोरियन मालिका इतक्या पाहिल्या जातात आणि मराठीत त्यांच्यावर धड लिहिलेले इतके थोडे सापडते, याचे एक कारण आम्हांला हे दिसते. शरच्चंद्रांच्या बाबतीत असे झाले नव्हते.

असो. आईच्या मालिकेचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ती मालिका न्यू जर्सीत भाचीकडे तिसऱ्याच एका सेवेवर दिसत होती. राहिलेले पाच भाग तिने स्वतः पाहिले आणि पाच रविवारी सकाळी, म्हणजे तिच्या शनिवारी रात्री, फोन करून आजीला एकेक भाग सांगितला. आई डोळे मिटून ऐके आणि मध्येच अडवी: त्या वेळी तिने कोणते कपडे घातले होते, राजा बसलेला होता की उभा, तो तिला काय म्हणून हाक मारीत होता. भाचीला पुष्कळदा परत जाऊन पाहावे लागे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कथा शेजारच्या काकूंना सांगितली जाई. शेवटच्या भागात राणी मरते, असे भाचीने सांगितले होते. ओटीवर बसून आईने काकूंना सांगितले तेव्हा राणी राजवाडा सोडून माहेरी निघून गेली होती, आणि काकू म्हणत होत्या की तिने ते आधीच करायला हवे होते.